नॉइज असताना क्यूकेडी कसं चालवायचं: नवशिक्यांसाठी पायरीपायरीने

क्वांटम की डिस्ट्रिब्यूशन, म्हणजे क्यूकेडी (फोटॉन पाठवून दोघांत गुप्त किल्ली तयार करणं), पहिल्यांदा वाचताना सगळं छान जुळून येतं. अ‍ॅलिस एकेक फोटॉन पाठवते, बॉब तो मोजतो, मध्ये चोरून ऐकणाऱ्या ईव्हने हात घातला तर चुका वाढतात आणि चोरी उघडी पडते. प्रत्यक्षात फायबर जोडून डिटेक्टर चालू केला की आसपास कोणी नसतानाही दोन-तीन टक्के बिट चुकलेले निघतात. मग पहिलाच प्रश्न पडतो: ही चोरी म्हणायची की यंत्राची खोड?

हे ओळखता येत नाही. सुरक्षिततेचं सगळं गणित प्रत्येक चूक ईव्हमुळेच झाली असं धरून मांडलेलं आहे, मग ती चूक तापलेल्या फायबरमुळे झालेली का असेना. त्यामुळे नॉइजच्या जागी काम करायचं म्हणजे तीन गोष्टी: चुका जमेल तेवढ्या कमी करायच्या, उरलेल्या प्रामाणिकपणे मोजायच्या, आणि तेवढी माहिती ईव्हकडे गेली असं समजून किल्ली आखूड करायची. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच क्रमाने जातात. लॉगॅरिदम, संभाव्यता आणि प्रकाशाचं ध्रुवण यांची तोंडओळख असली तर पुरे.

पायरी १: काय हवं, आणि खरंच हवं का

दोन मार्ग लागतात. एक क्वांटम, ज्यावरून अतिमंद प्रकाशाच्या पल्स जातात. दुसरा साधा, म्हणजे नेहमीची नेटवर्क जोडणी. या दुसऱ्या मार्गावरचं बोलणं ईव्हने ऐकलं तरी चालतं, बदललेलं मात्र चालत नाही. म्हणून त्यावरचा प्रत्येक संदेश ऑथेंटिकेट करावा, म्हणजे तो खरंच समोरच्याचाच आणि न बदललेला आहे याची खात्री करावी लागते आणि त्यासाठी दोघांकडे सुरुवातीला थोडी सामाईक गुप्त किल्ली असावीच लागते. ती नसेल तर ईव्ह अ‍ॅलिसपुढे बॉब होईल आणि बॉबपुढे अ‍ॅलिस, आणि चूकदर तुम्हाला काहीही सांगणार नाही. यासाठी वेगमन-कार्टर पद्धतीचं ऑथेंटिकेशन वापरतात, कारण त्याची सुरक्षितता कुठल्याही अवघड गणिती कोड्यावर अवलंबून नसते. थोडक्यात, क्यूकेडी शून्यातून किल्ली काढत नाही. आहे ती वाढवतं.

शिवाय चांगला रँडम नंबर जनरेटर हवा, तोही हार्डवेअरचा. सॉफ्टवेअरचा साधा जनरेटर फक्त सिम्युलेशनपुरता.

आणि स्पष्टच सांगतो, बहुतेक कामांना पोस्ट-क्वांटम क्रिप्टोग्राफी, म्हणजे क्वांटम संगणकालाही न फुटणारी समजली जाणारी गणिती पद्धत, पुरते. अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये तिची पहिली मानकं जाहीर केली आहेत, आणि ती वापरायला वेगळं फायबर लागत नाही. आज चोरून साठवलेला मजकूर कित्येक दशकांनीही उघडता कामा नये अशी गरज असेल, ठरावीक दोन ठिकाणंच जोडायची असतील, किंवा विषय मुळात शिकायचाच असेल, तर पुढे वाचा.

पायरी २: बीबी८४ कागदावर करून पाहा

चार्ल्स बेनेट आणि जील ब्रसार यांनी ही पद्धत १९८४ साली बंगळूरच्या एका परिषदेत मांडली. अ‍ॅलिस दर पल्ससाठी दोन नाणी उडवते. एक ठरवतं बिट ० की १, दुसरं ठरवतं बेसिस (म्हणजे ध्रुवणाच्या दिशांची जोडी) उभा-आडवा की तिरपा. उभ्या-आडव्या बेसिसमध्ये ० म्हणजे ०° आणि १ म्हणजे ९०°. तिरप्यात ० म्हणजे ४५° आणि १ म्हणजे १३५°. बॉबही आपला बेसिस नाणं उडवूनच निवडतो. नंतर दोघं साध्या मार्गावर फक्त बेसिस जाहीर करतात, बिट नाही. जिथे बेसिस जुळले ते बिट ठेवायचे, बाकीचे टाकायचे. याला चाळणी म्हणू. चाळणीत साधारण निम्मे बिट गळतात.

आता ईव्ह प्रत्येक फोटॉन पकडते, मोजते आणि तसाच नवा फोटॉन पुढे पाठवते असं समजा. निम्म्या वेळा तिचा बेसिस चुकतो, आणि चुकला की बॉबच्या हाती निव्वळ योगायोग येतो, म्हणजे त्यातले पुन्हा निम्मे बिट चूक. अर्ध्याचं अर्धं, म्हणजे २५ टक्के. हा आकडा सगळीकडे सापडतो. त्याच्या पुढचं गणित सहसा कोणी करून दाखवत नाही: ईव्ह हावरट नसेल आणि दहातला एकच फोटॉन पकडत असेल, तर चूकदर फक्त २.५ टक्के येतो. तुमच्या यंत्राची नेहमीची खोडही तेवढीच असते. नॉइजमध्ये काम करणं अवघड आहे ते इथे.

जाता जाता एक गंमत. याचा पहिला प्रयोग १९८९ मध्ये झाला, अंतर सगळं मिळून ३२.५ सेंटिमीटर. ध्रुवण बदलणाऱ्या यंत्राच्या वीजपुरवठ्याचा आवाज कुठलं ध्रुवण पाठवलंय त्याप्रमाणे बदलायचा. म्हणजे किल्ली चोरायला क्वांटम यंत्रणेची गरजच नव्हती, कान पुरेसे होते.

पायरी ३: हार्डवेअरच्या आधी सिम्युलेशन

पायथन आणि नमपाय यांत शंभर ओळींच्या आत हे काम होतं. दहा लाख पल्स घ्या. अ‍ॅलिसचे बिट आणि बेसिस, बॉबचे बेसिस, फायबरमध्ये फोटॉन टिकण्याची संभाव्यता, डिटेक्टरची कार्यक्षमता, उगाच क्लिक होण्याची संभाव्यता आणि ध्रुवण किती अंशांनी फिरलंय तो कोन, एवढेच घटक ठेवा. मग प्रोग्रॅम तीन ठिकाणी तपासा. नॉइज शून्य असताना चूकदर शून्यच यायला हवा. ईव्ह सगळं पकडत असताना तो २५ टक्क्यांच्या आसपास यायला हवा. अंतर वाढवत नेलं की तो ५० टक्क्यांकडे सरकायला हवा, कारण शेवटी उरतात ते फक्त उगाच झालेले क्लिक आणि त्यांतले निम्मे चुकणारच. या तिन्हींपैकी एकही जमत नसेल तर पुढे जाऊ नका.

एक बारकावा सुरुवातीलाच लिहून टाका. कधी कधी बॉबचे दोन्ही डिटेक्टर एकदम वाजतात. असे दुहेरी क्लिक टाकून द्यायचा मोह होतो. टाकू नका. तिथे ० किंवा १ नाणं उडवून भरा आणि ती नोंद ठेवा. दुहेरी क्लिक टाकायची सूट दिली की कुठल्या नोंदी राहाव्यात आणि कुठल्या जाव्यात हे ईव्ह तेजस्वी पल्स पाठवून ठरवू शकते.

पायरी ४: नॉइज कुठून येतो

सगळ्या नॉइजवर एकच औषध चालत नाही, म्हणून उगमाप्रमाणे वेगळं करू.

डार्क काउंट म्हणजे प्रकाश नसताना डिटेक्टरने दिलेला क्लिक. इंडियम-गॅलियम-आर्सेनाइडचे अ‍ॅव्हलांश डिटेक्टर साधारण उणे ३०° ते उणे ५०° सेल्सियसला थंड ठेवतात. त्यांची कार्यक्षमता १० ते २५ टक्के असते आणि सेकंदाला काहीशे ते काही हजार डार्क काउंट येतात. सुपरकंडक्टिंग नॅनोवायर डिटेक्टर फार सरस, कार्यक्षमता ८० टक्क्यांच्या वर आणि डार्क काउंट शंभराच्या आत, पण त्यांना निरपेक्ष शून्याच्या दोन-चार अंश वर ठेवणारं शीतयंत्र लागतं. अ‍ॅव्हलांश डिटेक्टरला आणखी एक खोड असते, आफ्टरपल्स: एका क्लिकनंतर आत अडकून राहिलेले इलेक्ट्रॉन थोड्या वेळाने दुसरा खोटा क्लिक देतात. म्हणून प्रत्येक क्लिकनंतर डिटेक्टर काही मायक्रोसेकंद बंद ठेवतात.

दुसरा उगम म्हणजे जुळणी बिघडणं. फायबर तापलं, वाकलं, कोणी हलवलं की ध्रुवण फिरतं. ते θ अंशांनी फिरलं तर चूकदर त्या कोनाच्या साइनच्या वर्गाएवढा होतो. १०° फिरलं की ३ टक्के, २०° फिरलं की ११.७ टक्के. इंटरफेरोमीटर वापरून टाइम-बिन पद्धतीने, म्हणजे पल्स लवकर आली की उशिरा आणि त्या दोन क्षणांतला फेज (लहरीची स्थिती) यांत, बिट पाठवत असाल तर ध्रुवणाऐवजी फेज सरकतो. तिथे इंटरफेरन्सची व्हिजिबिलिटी (उजेड-अंधारातला फरक किती ठळक ते) ९८ टक्के असेल तर चूकदर १ टक्का, म्हणजे कमतरतेच्या निम्मा.

तिसरा उगम बाहेरचा प्रकाश, आणि नवशिक्यांची सगळ्यात जास्त दैना इथेच होते. स्वतंत्र डार्क फायबर, म्हणजे दुसरा कुठलाही डेटा न जाणारं, मिळालं तर नशीब समजा. बहुधा त्याच फायबरमधून नेहमीचा डेटाही जात असतो. १५५० नॅनोमीटरच्या १ मिलिवॉट प्रकाशात सेकंदाला किती फोटॉन असतात? १ वर १५ शून्यं, त्याच्या जवळपास आठपट. तुमच्या क्वांटम पल्समध्ये मात्र सरासरी अर्धा फोटॉन. डेटाच्या प्रकाशाचा काही भाग काचेत रामन विकिरणाने तरंगलांबी बदलतो आणि थेट तुमच्या क्वांटम चॅनेलच्या खिडकीत येऊन बसतो. तिथे आल्यावर कुठलाही फिल्टर तो वेगळा काढू शकत नाही, कारण आता त्याची तरंगलांबी तुमच्या फोटॉनचीच असते.

हवेतून पाठवत असाल तर रामनच्या जागी सूर्य आणि वातावरणाची खळबळ. मिशियस उपग्रह २०१६ मध्ये सुटला आणि त्याने सुमारे १,२०० किलोमीटर अंतरावरून किल्ली जमिनीवर पोहोचवली, पण रात्री. दिवसा काम करायचं तर ८५० ऐवजी १५५० नॅनोमीटर बरं पडतं: रॅले विकिरण तरंगलांबीच्या चौथ्या घाताने घटतं, म्हणजे इथे सुमारे ११ पट कमी.

पायरी ५: नॉइजचा हिशेब आकड्यांत मांडा

हार्डवेअर मागवण्याआधी हा हिशेब करायचाच. उदाहरण घेऊ. पल्समागे सरासरी अर्धा फोटॉन. फायबरचा लॉस किलोमीटरला ०.२ डीबी (डेसिबल; दर १० डीबीला प्रकाश दहा पट कमी). बॉबच्या ऑप्टिक्समध्ये निम्मा प्रकाश वाया जातो. डिटेक्टर २० टक्क्यांचा, डार्क काउंट सेकंदाला १,०००, गेट (डिटेक्टर ऐकतो तेवढी वेळेची खिडकी) १ नॅनोसेकंदाचं, असे दोन डिटेक्टर. म्हणजे दर दहा लाख पल्समागे खोटे क्लिक २.

खरे क्लिक किती? १०० किलोमीटरवर लॉस २० डीबी, म्हणजे शंभरातला एक फोटॉन पोहोचतो. ०.५ × ०.०१ × ०.५ × ०.२ केलं की दहा लाख पल्समागे ५०० क्लिक येतात. १५० किलोमीटरवर ५०, आणि २०० किलोमीटरवर ५. खोटे क्लिक मात्र सगळीकडे २ च, आणि त्यांतला सरासरी १ चुकीचा. म्हणजे डार्क काउंटमुळे येणारा चूकदर १०० किलोमीटरला १/५०२, म्हणजे ०.२ टक्के. १५० ला १/५२, १.९ टक्के. २०० ला १/७, तब्बल १४ टक्के.

हा उतार नीट पाहा. पहिल्या १०० किलोमीटरमध्ये डार्क काउंटचं कोणाला काही पडलेलं नसतं, तिथे जुळणीतला एक टक्काच भारी असतो. पुढच्या १०० मध्ये सगळं चित्र पालटतं. म्हणून आपला दुवा उताराच्या कुठल्या भागात आहे हे आधी ठरवा. ४० किलोमीटरच्या दुव्यासाठी महागडं शीतयंत्र घेणं म्हणजे पैसे वाया. तिथे ध्रुवण सांभाळणारी चांगली यंत्रणा आणि बरे फिल्टर हवेत.

पायरी ६: एकेक स्रोत वेगळा मोजा

दुवा जोडला की लगेच किल्ली काढायला बसू नका. आधी अ‍ॅलिसचा लेझर बंद, डेटा चॅनेल बंद, डिटेक्टरचं तोंड झाकलेलं. जे मोजाल ते डार्क काउंट. मग तोंड उघडा, फायबर जोडा, लेझर अजून बंदच. जी वाढ दिसेल ती बाहेरून झिरपणारा प्रकाश. खोलीतले दिवे आणि उपकरणांवरचे छोटे एलईडी यांचा इथे हमखास वाटा असतो. मग डेटा चॅनेल चालू करा: आताची वाढ रामन आणि फिल्टरमधून निसटलेला प्रकाश. शेवटी लेझर चालू करून एकच ठरलेली स्थिती पाठवत राहा आणि चुकीच्या डिटेक्टरवर किती क्लिक येतात ते पाहा. आधीचे सगळे वजा केल्यावर उरतं ते जुळणीचं.

हे चार आकडे तारीख, वेळ आणि तापमानासकट लिहून ठेवा. महिन्याभराने चूकदर वाढला तर तुलनेला हीच वही कामी येते.

पायरी ७: लक्षणावरून रोग

चूकदर नेहमी प्रत्येक बेसिससाठी वेगळा दाखवा. सरासरी फसवते. एक उदाहरण आवर्जून देतो: एका बेसिसमध्ये चूकदर शून्याजवळ आणि दुसऱ्यात फेज पार हरवल्यामुळे ५० टक्के असेल, तर सरासरी २५ येते. हुबेहूब पुस्तकातली ईव्ह! पडद्यावर फक्त सरासरी असेल तर माणूस चोर शोधत बसतो आणि इकडे इंटरफेरोमीटरचा हीटर बंद पडलेला असतो.

दोन्ही बेसिसमध्ये ५० टक्के दिसले तर बहुधा घड्याळ घसरलेलं असतं. बॉबची पल्स क्रमांक ५०१ अ‍ॅलिसच्या ५०० शी ताडली जाते आहे. दोन्ही नोंदी एकेक घर सरकवून पाहा. चूकदर १०० टक्क्यांजवळ असेल तर आनंद माना, कोणीतरी ० आणि १ ची अदलाबदल केली आहे, एवढंच.

बाकी क्लिकचा एकूण दर बघून कळतं. दर तसाच आणि चूक वाढली: ध्रुवण किंवा फेज सरकला. दर घटला आणि दोन्ही बेसिसमध्ये चूक वाढली: लॉस वाढला, आधी कनेक्टर पुसून पाहा. दर वाढला आणि चूकही वाढली: बाहेरचा प्रकाश घुसला, किंवा डेटा चॅनेलची पॉवर कोणी तरी चढवली.

पायरी ८: आता नॉइज कमी करा

पहिला उपाय फुकटातला: वेळेचं गेट अरुंद करा. खरे फोटॉन ठरल्या क्षणी येतात, नॉइज कधीही. गेट १ नॅनोसेकंदावरून निम्म्यावर आणलं की डार्क काउंट आणि रामन दोन्ही निम्मे होतात. मात्र डिटेक्टरच्या जिटरपेक्षा (क्लिकच्या वेळेतल्या हेलकाव्यापेक्षा) गेट अरुंद केलं तर खरे फोटॉनही बाहेर राहतात. क्लिकच्या वेळांचा हिस्टोग्राम काढा आणि शिखराच्या दोन्ही बाजूंना कुठे कापायचं ते डोळ्यांनी पाहून ठरवा.

रामनवर तीन इलाज आहेत आणि मी ते याच क्रमाने करतो. डेटा चॅनेलची लाँच पॉवर (फायबरमध्ये सोडलेल्या प्रकाशाची ताकद) कमी करा. नेहमीच्या रिसीव्हरला लागतो त्याहून कितीतरी जास्त प्रकाश सवयीने पाठवला जातो. पॉवर १०० पट घटवली की रामनही १०० पट घटतो. मग क्वांटम चॅनेल डेटापेक्षा कमी तरंगलांबीकडे न्या, कारण त्या बाजूचं रामन विकिरण तुलनेने क्षीण असतं. अनेक जण क्वांटम चॅनेल थेट १३१० नॅनोमीटरला नेतात. तिथे फायबरचा लॉस जास्त, म्हणून लांब दुव्यांना हा सौदा परवडत नाही. शेवटी फिल्टर: खिडकीत आलेला रामन ते वेगळा काढत नाहीत, पण खिडकी अरुंद करतात. एक पुरत नाही, दोन-तीन एकामागे एक लावावे लागतात, आणि प्रत्येकाबरोबर तुमचे खरे फोटॉनही थोडे मरतात.

ध्रुवणासाठी अधूनमधून ओळखीच्या स्थिती पाठवून मोटर किंवा पिझो कंट्रोलरने ते परत जागेवर आणतात. जमिनीखालच्या फायबरमध्ये ध्रुवण तासन्‌तास टिकतं, खांबांवरून टांगलेल्यात वारा सुटला की सेकंदासेकंदाला बदलतं. तुमचं फायबर टांगलेलं असेल तर माझं मत टाइम-बिन पद्धतीच्या बाजूने.

पायरी ९: डिकॉय पल्सशिवाय सुरू करू नका

आपण पाठवतो ते खरे एकेकटे फोटॉन नसतात, मंद केलेला लेझर असतो. सरासरी अर्धा फोटॉन ठेवला तर सुमारे ६१ टक्के पल्स रिकाम्या जातात, ३० टक्क्यांत एक फोटॉन असतो आणि ९ टक्क्यांत दोन किंवा जास्त. ईव्ह त्या जास्तीच्या पल्समधला एक फोटॉन स्वतःकडे ठेवून बाकीचे पुढे सोडू शकते. यात चूकदर अजिबात वाढत नाही. एकच फोटॉन असलेल्या पल्स तिने अडवल्या तर तो फायबरचा लॉस वाटतो. लॉस जितका जास्त तितकं तिला लपायला सोपं.

यावर उत्तर डिकॉय पल्सचं. २००३ मध्ये ह्वांग यांनी कल्पना मांडली आणि २००५ मध्ये ती वापरण्याजोग्या रूपात आली. अ‍ॅलिस मधूनमधून, कोणालाही न कळवता, पल्सची तीव्रता बदलते: मुख्य, त्याहून मंद आणि जवळपास रिकामी. नंतर प्रत्येक तीव्रतेच्या पल्स किती प्रमाणात पोहोचल्या ते पडताळतात. पल्स मुख्य की डिकॉय हे ईव्हला ओळखता येत नाही, त्यामुळे फोटॉनच्या संख्येवर बेतलेली लबाडी आकडेवारीत दिसते. जवळपास रिकाम्या पल्स पार्श्वभूमीचा नॉइजही मोजून देतात. या सगळ्यातून एक फोटॉन असलेल्या पल्समधून आलेले बिट कमीत कमी किती, आणि त्यांचा चूकदर जास्तीत जास्त किती, याच्या मर्यादा मिळतात. किल्ली फक्त त्यांच्यावर मोजायची.

पायरी १०: चूक-दुरुस्ती आणि किल्ली आखडणं

चाळणीनंतरचे दहा लाख बिट घ्या, चूकदर ३ टक्के. हिशेब सोपा राहावा म्हणून सगळ्या पल्स एक-फोटॉनच्या धरू.

आधी अ‍ॅलिस आणि बॉब यांच्या याद्या सारख्या करायच्या. कॅस्केड ही जुनी पद्धत गटागटाची पॅरिटी (गटातले १ सम आहेत की विषम) जाहीर करत चुका शोधते. सोपी, पण दोघांत बरेच हेलपाटे. एलडीपीसी या चूक-दुरुस्ती कोडमध्ये बोलणं कमी आणि गणनेचं ओझं जास्त. पहिल्यांदा करताना कॅस्केडच घ्या. जाहीर केलेला प्रत्येक पॅरिटी बिट ईव्हने ऐकला आहे. ३ टक्क्यांसाठी शॅननची किमान मर्यादा बिटामागे ०.१९४, आणि व्यवहारात तिच्या १.१६ पट धरली तर सुमारे २,२५,००० बिट गेले. दुरुस्तीनंतर हॅश (यादीवरून काढलेला छोटा ठसा) ताडून दोन्ही याद्या खरंच सारख्या झाल्या ना, हे पाहायला विसरू नका.

मग प्रायव्हसी अँप्लिफिकेशन, म्हणजे किल्ली आखडणं. चूकदरावरून ईव्हला जास्तीत जास्त किती कळलं असेल ते काढायचं. इथे पुन्हा बिटामागे ०.१९४, म्हणजे १,९४,००० बिट. काटेकोर बोलायचं तर एका बेसिसमधल्या किल्लीसाठी इथे दुसऱ्या बेसिसचा चूकदर लागतो, दोन्ही वेगळे ठेवायला सांगितलं त्याचं हेही एक कारण. दोन्ही वजावटी केल्या की सुमारे ५,८०,००० उरतात. यादीला यादृच्छिक टोप्लिट्झ मॅट्रिक्सने (प्रत्येक कर्णावर एकच आकडा असलेल्या) गुणून तेवढ्या लांबीची किल्ली काढायची. आखडलेल्या किल्लीबद्दल ईव्हचं ज्ञान नगण्य उरतं.

तोच हिशेब ८ टक्क्यांना केला तर जेमतेम १,३१,००० उरतात. ११ टक्क्यांना शॅननची आदर्श मर्यादा धरूनही शून्य. हा ११ टक्क्यांचा आकडा शोर आणि प्रेस्किल यांनी २००० साली दिलेल्या सिद्धतेतून येतो. आपल्या १.१६ च्या गुणकाने तर ९.८ टक्क्यांनाच दुकान बंद होतं.

पायरी ११: थांबायचं कधी, ते आधी ठरवा

आता एका मोहाबद्दल. पायरी ६ मध्ये मोजलेला नॉइज हातात आहेच, मग ३ टक्क्यांतले आपलेच २ टक्के वजा करून ईव्हच्या नावावर १ टक्काच का लावू नये? किल्ली किती वाढेल! असं करू नका. जुळणीच्या बिघाडाने येणारे २ टक्के ईव्ह मधल्या फायबरवर स्वतःचा कंट्रोलर लावून दुरुस्त करू शकते आणि मोकळ्या झालेल्या जागेत तेवढ्याच चुका आणणारी चोरी घालू शकते. तुमचा मीटर ३ टक्केच दाखवत राहील. मोजलेला नॉइज यंत्र सुधारण्यासाठी वापरायचा, किल्लीच्या सूत्रात घालायचा नाही.

दुसरी गोष्ट नमुन्याच्या आकाराची. १,००० बिट उघड करून ३ टक्के चूक मोजली तर त्या आकड्यातच अर्ध्या टक्क्याहून जास्त प्रमाण विचलन असतं. दहा लाखांवर ते ०.०१७ टक्क्यांवर येतं. सुरक्षिततेसाठी सरासरी धरत नाहीत, वाईटात वाईट टोक धरतात, म्हणून छोट्या गठ्ठ्यात किल्लीचा फार मोठा भाग या अनिश्चिततेतच जातो. दहा लाख ते एक कोटी बिटांचा गठ्ठा साठवून मगच प्रक्रिया करा. दुवा लांब असेल तर त्याला तास लागतील. लागू द्या.

मर्यादा ओलांडली तर गठ्ठा टाकून द्यायचा, "आजच्यापुरती" मर्यादा वाढवायची नाही. ईव्हने मुद्दाम प्रकाश घालून दुवा बंद पाडला तर? पडेल. किल्ली अडवण्यापासून क्यूकेडी वाचवत नाही, चोरलेली किल्ली वापरात येण्यापासून वाचवतं.

पायरी १२: चूकदरात न दिसणारी चोरी, आणि पुढचे मार्ग

२०१० मध्ये लिडरसन, मकारोव आणि सहकाऱ्यांनी बाजारात मिळणारी यंत्रं तेजस्वी प्रकाशाने आंधळी करून दाखवली. आंधळा डिटेक्टर फोटॉन मोजत नाही, ईव्हच्या हुकुमाने वाजतो, आणि चूकदर वाढत नाही. म्हणून बॉबच्या डिटेक्टरच्या फोटोकरंटवर लक्ष ठेवा, अ‍ॅलिसकडे आयसोलेटर (प्रकाश एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लावा, म्हणजे बाहेरून आत प्रकाश टाकून तिची मांडणी वाचता येणार नाही. डिटेक्टरवर विश्वासच ठेवायचा नसेल तर २०१२ ची एमडीआय-क्यूकेडी आहे. तिथे मोजमाप मधल्या तिसऱ्या ठिकाणी होतं आणि ते ठिकाण ईव्हच्या ताब्यात असलं तरी बिघडत नाही.

नॉइज तरीही हटत नसेल तर पद्धत बदला. सहा स्थितींची पद्धत (तिसरा बेसिस वापरणारी) चूकदराची मर्यादा ११ वरून १२.६ टक्क्यांपर्यंत नेते. दोन्ही बाजूंनी संवाद करणारी प्रक्रिया ती २० टक्क्यांपर्यंत ताणते, पण किल्लीचा दर अगदी तुटपुंजा होतो. डेटा चॅनेल शेजारी असेल तर कंटिन्यूअस-व्हेरिएबल पद्धत (फोटॉन मोजण्याऐवजी प्रकाशलहर मोजणारी) बघण्यासारखी आहे, कारण तिच्यातला लोकल ऑसिलेटर (तुलनेसाठीचा लेझर) स्वतःच फिल्टरचं काम करतो आणि रामनचा त्रास बराच कमी होतो. तिचा अडसर अंतराचा. उलट अंतरच हवं असेल तर २०१८ ची ट्विन-फील्ड, जिथे दोघंही मधल्या ठिकाणी प्रकाश पाठवतात. तिने २०२३ मध्ये प्रयोगशाळेतल्या फायबरवर १,००० किलोमीटरचा टप्पा ओलांडला, पण दूरदूरचे दोन लेझर फेजमध्ये बांधून ठेवणं हे नवशिक्याचं काम नव्हे.

चालू दुव्यासाठी एक शेवटचं काम राहतं, साठ्याचं. तयार किल्लीतला ठरावीक भाग पुढच्या ऑथेंटिकेशनसाठी आधी बाजूला काढा, मग उरलेली वापरायला द्या. नाहीतर नॉइज वाढून किल्ली थांबली की दुवा पुन्हा सुरू करायलाही किल्ली शिल्लक नसते. आणि साठा संपल्यावर शेवटचीच किल्ली ताणत राहायची, पोस्ट-क्वांटम पद्धतीवर जायचं की दुवा बंद ठेवायचा, हे यंत्रणा सुरू करण्याच्या दिवशीच लिहून ठेवा.